साठ हजार शब्दांचा करार: एक मुक्त अनुवादिका आणि एक प्रकल्प-संस्था

पार्श्वभूमी

या प्रकरणातील अनुवादिका नाशिकला राहतात. शाळेतील नोकरी सोडल्यानंतर त्या घरूनच इंग्रजीतून मराठीत अनुवाद करू लागल्या आणि आरोग्य, शेती व बचत गट या विषयांतील प्रशिक्षण-साहित्यात त्यांचा चांगला हात बसला. त्यांचा ग्राहक म्हणजे पुण्यातील एक विना-नफा संस्था. ही संस्था शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या महिला सभासदांसाठी पुस्तिका तयार करते आणि त्यासाठीचा पैसा दिल्लीतील एका निधीदात्याकडून येतो. संस्थेचे प्रकल्प समन्वयक वयाने मोठे असल्यामुळे त्या त्यांना 'सर' म्हणत आणि ते त्यांना 'ताई' म्हणत. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

या दोघांचे पहिले काम २०२३-२४ या आर्थिक वर्षात झाले. काम ठरले ते फोनवर, आणि लिखित पुरावा म्हणाल तर व्हॉट्सॲपवरील दोनच ओळी: शब्दाला १ रुपया ७५ पैसे, काम महिनाअखेर द्यावे. इंग्रजी मजकूर २२,००० शब्दांचा होता, म्हणून अनुवादिकेने ३८,५०० रुपयांचे बिल पाठवले. संस्थेच्या लेखा विभागाने मराठी फाइलमधील शब्द मोजले आणि ते १८,४०० भरले. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठी शब्दसंख्या बहुधा कमीच निघते. दर कोणत्या भाषेतील शब्दाला, हे कोणीच विचारले नव्हते. अखेर ३२,२०० रुपये मान्य झाले, म्हणजे ६,३०० रुपयांचा फरक अनुवादिकेने सोसला.

रक्कम मान्य झाल्यावरही ती लगेच मिळाली नाही. मूळ इंग्रजी मजकूर मध्येच बदलला आणि बदललेली पाने पुन्हा करून द्यावी लागली, त्यांचे वेगळे पैसे नव्हते. 'निधीदात्याची मंजुरी आली की लगेच देतो' या उत्तरात काही महिने गेले. शेवटी पैसे आले तेव्हा त्यातून १० टक्के, म्हणजे ३,२२० रुपये, आयकराची उद्गम कपात (टीडीएस) म्हणून वजा झाले होते. ही कपात नियमानुसारच होती आणि आयकर खात्याच्या २६-एएस विवरणात दिसतही होती. पण आधी कोणी कल्पना न दिल्यामुळे अनुवादिकेला ती आणखी एक काटछाट वाटली.

अडचण

२०२४ च्या शेवटी त्याच संस्थेने दुसरे काम देऊ केले. प्रत्येकी सुमारे १२,००० शब्दांच्या पाच पुस्तिका, एकूण ६०,००० शब्द आणि दर १ रुपया ८० पैसे. म्हणजे १,०८,००० रुपयांचे, चार-पाच महिने पुरणारे काम. ते घेतले तर त्या काळात दुसरी मोठी कामे घेता येणार नव्हती, आणि पहिल्या कामासारखेच पैसे अडकले तर घरखर्चाची ओढाताण होणार होती.

अनुवादिकेला लेखी करार हवा होता, पण तो मागण्याचा संकोचही होता. सरांनी आजवर कधी वाकडा शब्द काढला नव्हता, आणि कागद मागितला की 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे वाटेल, ही धास्ती होती. हा संकोच मी अनेक मुक्त व्यावसायिकांमध्ये पाहिला आहे आणि त्याला हलके लेखू नये असे मला वाटते. आपल्याकडे अशी बहुतेक कामे ओळखीतून मिळतात, आणि ओळखीला धक्का लागणे म्हणजे पुढची कामे गमावणे. त्यामुळे करारात काय लिहावे याच्या आधी, करार मागावा कसा, हाच पहिला निर्णय होता. या टप्प्यावर त्यांनी माझ्याशी सल्लामसलत केली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता जुन्याच पद्धतीने, फक्त अधिक तपशीलवार ईमेल लिहून काम सुरू करणे. कायद्याने हे निरर्थक नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार वैध करारासाठी पक्षांची मुक्त संमती, त्यांची पात्रता, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश लागतो. सर्वसाधारण करार कागदावरच हवा असे ते कलम म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०-अ मुळे, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही. तेव्हा नीट लिहिलेला ईमेल आणि त्यावर 'मान्य आहे' असे उत्तर, हादेखील करारच. ज्यांचे काम पाच-दहा हजार रुपयांचे आहे त्यांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले. पण या प्रकरणात एक गोष्ट ईमेलने सुटणारी नव्हती, आणि तिनेच पुढे वाटाघाटीची दिशा ठरवली. तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

दुसरा पर्याय संस्थेकडूनच आला. 'कागद हवा असेल तर आमचा छापील नमुना आहे, त्यावर सही करा,' असे समन्वयक म्हणाले. तो नमुना इंग्रजीत, अकरा पानांचा होता आणि बहुधा मोठ्या सल्लागार कंपन्यांसाठी तयार केलेला असावा. निधीदात्याकडून पैसे आल्यावरच सल्लागाराला पैसे मिळतील, पुढील दोन वर्षे सल्लागाराने त्या क्षेत्रातील दुसऱ्या संस्थेचे काम करू नये, कोणत्याही तिसऱ्या पक्षाच्या दाव्याची सगळी भरपाई सल्लागाराने करावी आणि वाद झाल्यास दिल्लीत लवाद (न्यायालयाबाहेर तटस्थ व्यक्तीकडून निवाडा), अशी कलमे त्यात होती. यातील दोन वर्षांच्या बंदीचे कलम करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे टिकणे अवघड होते, कारण व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. परंतु 'न्यायालयात टिकणार नाही, मग सही करायला काय हरकत आहे,' हा विचार मला धोक्याचा वाटतो. न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद नसलेल्या माणसाला न टिकणारे कलमही घाबरवते, आणि तो दुसरी कामे सोडून देतो.

तिसरा पर्याय म्हणजे वकिलाकडून संपूर्ण करार तयार करून घेणे. कामाच्या रकमेच्या मानाने तो खर्च अनुवादिकेला परवडणारा नव्हता. चौथा पर्याय निवडला गेला: स्वतः मराठीत दोन-अडीच पानांचा मसुदा लिहायचा, संस्थेच्या नमुन्यातील रास्त कलमे त्यात घ्यायची, आणि तयार मसुदा वकिलाकडून फक्त तपासून घ्यायचा. अकरा पानांत दुरुस्त्या सुचवत बसलो असतो तर प्रत्येक दुरुस्ती म्हणजे एक नवी हुज्जत झाली असती. छोटा पर्यायी मसुदा समोर ठेवल्यावर चर्चा कामाच्या मुद्द्यांवर राहते.

वाटाघाटीतील कळीचा मुद्दा

ईमेलने न सुटणारी ती गोष्ट म्हणजे प्रताधिकार. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला त्यात अपवाद आहे. पण मुक्त अनुवादक हा नोकर नव्हे. म्हणजे संस्थेने पूर्ण पैसे दिले तरी मराठी मजकुराचा प्रताधिकार आपोआप तिच्याकडे जात नाही. तो हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला दस्तऐवज लागतो. शिवाय त्यात मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतरण पाच वर्षांपुरतेच मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच.

अनुवादिकेने समन्वयकांना फोनवर एवढेच विचारले, 'सर, या पुस्तिका तुम्ही किती वर्षे छापणार आहात? निधीदात्याला त्या हव्या असतील तर तुम्ही कोणत्या कागदावर देणार?' संस्थेने निधीदात्याला सर्व साहित्याच्या हक्कांची हमी दिली होती, आणि पहिल्या कामातील मराठी मजकुराचे हक्क संस्थेकडे असल्याचा एकही कागद नव्हता. करार ही अनुवादिकेची मागणी राहिली नाही. ती संस्थेचीही गरज झाली. दुसऱ्याच दिवशी समन्वयकांनी मसुदा मागवून घेतला.

या निर्णयाबद्दल मला विशेष आदर वाटतो, कारण जुन्या त्रासाचा पाढा वाचण्याचा मोह त्या वेळी साहजिक होता. पहिल्या कामाचे ६,३०० रुपये आणि उशीर यांचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही.

मसुद्यात काय ठरले

करार कोणाशी, हे आधी पक्के केले. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील, म्हणजे विना-नफा, कंपनी होती, आणि समन्वयकांना तिच्या वतीने करारावर सही करण्याचा अधिकार नव्हता. म्हणून सही संचालकांची घेतली आणि समन्वयकांचे नाव दैनंदिन संपर्कासाठी लिहिले.

सर्वांत जास्त वेळ कामाच्या व्याप्तीवर गेला, आणि तो सत्कारणी लागला. पाचही इंग्रजी फाइलींची नावे, त्यांच्या आवृत्तीची तारीख आणि शब्दसंख्या परिशिष्टात लिहिली. दर इंग्रजी शब्दांवर मोजायचा. त्या तारखेनंतर मूळ मजकूर बदलला तर बदललेल्या शब्दांना त्याच दराने वेगळे पैसे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये द्यायचा. पानांची मांडणी संस्थेने करायची. मांडणी करणाऱ्याने मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलला की जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व-दीर्घ सरकतात, हे अनुभवाने माहीत असल्यामुळे मांडलेल्या पानांचे एक मुद्रितशोधन दरातच धरले, दुसऱ्यांदा लागल्यास वेगळे पैसे. गोपनीयतेचे कलम संस्थेच्या नमुन्यातून घेतले आणि त्यात, मजकूर सार्वजनिक यांत्रिक अनुवाद सेवांमध्ये घालू नये, ही संस्थेची अट अनुवादिकेने विनाहरकत मान्य केली. मूळ इंग्रजी मजकुराचा अनुवाद करून घेण्याचा हक्क संस्थेकडे आहे, हे संस्थेने लिहून दिले. तिसऱ्या पक्षाच्या दाव्याची जबाबदारी त्यामुळे योग्य जागी गेली.

पैशांच्या कलमावर खरी चर्चा झाली. अनुवादिकेने निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती, संस्थेने नियमाकडे बोट दाखवले, आणि २५ टक्के, म्हणजे २७,००० रुपये ठरले. ही रक्कम प्रत्येक पुस्तिकेच्या बिलातून ५,४०० रुपये याप्रमाणे वळती करायची. प्रत्येक पुस्तिकेचे बिल वेगळे, आणि ते ३० दिवसांत द्यायचे. निधीदात्याच्या मंजुरीचा उल्लेख पूर्ण काढला. आगाऊ रक्कम कमी घेतली तरी चालेल, पण पैसे तिसऱ्याच्या मर्जीवर ठेवायचे नाहीत, हा क्रम अनुवादिकेने आधीच ठरवला होता, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता.

येथे दुसऱ्या एका कायद्याचा आधार मिळाला. अनुवादिकेने करारापूर्वीच सरकारी पोर्टलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची अधिकृत नोंदणी, करून घेतली होती. ती विनाशुल्क असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावे लागतात आणि ती मुदत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. काम मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारले असे हाच कायदा मानतो. म्हणून मसुद्यातही दुरुस्त्यांची मुदत पंधरा दिवसांचीच ठेवली. सर्व सूचना एकत्र करून, एकदाच, लेखी द्यायच्या.

उद्गम कपातीबद्दल एक वाक्य घातले: दर कपातीपूर्वीचा आहे आणि कपातीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६-अ, दर तिमाहीला मिळेल. अनुवादिकेची उलाढाल २० लाखांच्या मर्यादेत असल्यामुळे जीएसटी नव्हता; पुढे लागू झाल्यास तो दरावर वेगळा, असे लिहिले.

अनुवाद उशिरा दिल्याबद्दल संस्थेला दिवसाला २ टक्के दंड हवा होता. करार अधिनियमाचे कलम ७४ अशा ठरीव रकमेला कमाल मर्यादा मानते आणि प्रत्यक्षात रास्त तेवढीच भरपाई देते, हे वकिलांनी समजावल्यावर दिवसाला अर्धा टक्का आणि त्या पुस्तिकेच्या रकमेच्या जास्तीत जास्त ५ टक्के, यावर एकमत झाले. कोणताही पक्ष पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकेल आणि तोपर्यंत झालेल्या शब्दांचे पैसे मिळतील, असेही ठरले. हक्क जगभरासाठी आणि प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी संस्थेकडे जातील, पण त्या त्या पुस्तिकेचे पूर्ण पैसे मिळाल्यावरच. आणि अनुवादिकेचे नाव प्रत्येक पुस्तिकेत छापले जाईल.

लवादाचे कलम काढून टाकले, कारण लवादाचा खर्च वादाच्या रकमेपेक्षा जास्त होण्याचीच शक्यता होती. न्यायालयाच्या जागेवर मात्र अनुवादिकेने माघार घेतली. संस्थेला पुणे हवे होते आणि त्यांनी ते मान्य केले. २००६ च्या कायद्याखालील, थकीत पैशांचे वाद हाताळणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे पुरवठादाराला स्वतःच्या ठिकाणाहून दाद मागता येते, त्यामुळे या सवलतीची किंमत फारशी नव्हती. दिल्लीचे न्यायालय मात्र ठेवता आले नसते: ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही त्याला तो केवळ पक्षांच्या संमतीने मिळत नाही, आणि या कामाचा कोणताही भाग दिल्लीत होत नव्हता.

करार मराठीत राहिला. संस्थेच्या लेखापरीक्षकांसाठी इंग्रजी प्रत जोडली आणि दोहोंत फरक आढळल्यास मराठी प्रत प्रमाण मानावी असे लिहिले. महाराष्ट्रात अशा सर्वसाधारण कराराचे मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० वरून ५०० रुपये झाले होते. तो खर्च दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. नोटरीची गरज नव्हती आणि ती केली नाही. मुद्रांक नसल्याने करार रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून दाखल करता येत नाही, आणि ऐन वादाच्या वेळी ती अडचण कोणालाच नको असते.

प्रत्यक्षात काय घडले

पहिल्या दोन पुस्तिकांचे पैसे मुदतीत आले. तिसऱ्या पुस्तिकेचा अनुवाद देऊन झाल्यावर निधीदात्याने मूळ मजकुरातील ४,२०० शब्द नव्याने लिहिले. 'ताई, तेवढे जरा सांभाळून घ्या,' असा फोन आला. अनुवादिकेने होकार दिला आणि सोबत परिशिष्टाचा क्रमांक देऊन ७,५६० रुपयांचे अंदाजपत्रक ईमेलने पाठवले. लेखा विभागाने ते प्रश्न न विचारता मंजूर केले, कारण त्यांच्या फाइलमध्ये त्याला आधार होता. समन्वयकांनाही वरिष्ठांकडे रदबदली करावी लागली नाही. लेखी कराराचा हा फायदा ग्राहकाच्या बाजूच्या माणसालाही होतो, याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते.

चौथ्या बिलाला ४१ दिवस लागले. व्याज मागावे का, हा प्रश्न आला. तीस दिवस उलटल्यावर अनुवादिकेने कराराच्या कलमाचा उल्लेख करून एक सौम्य स्मरणपत्र पाठवले आणि व्याजाचा हक्क राखून ठेवत असल्याचे त्यात लिहिले, पण पैसे आल्यावर व्याज मागितले नाही. अकरा दिवसांच्या व्याजापेक्षा पुढचे बिल वेळेवर येणे त्यांना मोलाचे वाटले. मला हा निर्णय पटतो. हक्क लेखी राखून ठेवला नसता तर पटला नसता.

पाचव्या पुस्तिकेचे ६,००० शब्द झाले असताना निधीदात्याने प्रकल्पच थांबवला आणि संस्थेने करार संपवण्याची सूचना दिली. झालेल्या शब्दांचे १०,८०० रुपये झाले. त्यातून आगाऊचे ५,४०० वजा जाता ५,४०० रुपये मिळाले. एकूण काम १,०४,७६० रुपयांचे झाले आणि सगळे पैसे वसूल झाले.

काय वेगळे करता आले असते

अर्धवट राहिलेल्या मजकुराचे काय, याबद्दल करार गप्प होता. झालेल्या शब्दांचे पैसे मिळाले, पण 'पुस्तिकेचे पूर्ण पैसे' मिळाले असे म्हणावे का? संस्थेने ते ६,००० शब्द दुसऱ्या कोणाकडून पुरे करून छापले तर त्यावर अनुवादिकेचे नाव जावे का? त्यांना ते नको होते, कारण उरलेल्या अर्ध्या भागाच्या दर्जाची खात्री त्यांना नव्हती. प्रश्न समजुतीने मिटला, पण करार संपवण्याच्या कलमात दोन वाक्ये जास्त लिहायला हवी होती.

सूचना एकत्रित द्याव्यात असे लिहिले होते, पण त्या कोणी अंतिम करायच्या हे लिहिले नव्हते. दुसऱ्या पुस्तिकेवर संस्थेच्या दोन तज्ज्ञांनी एकाच परिभाषेबद्दल परस्परविरोधी शेरे मारले आणि तो गुंता सोडवण्यात अनुवादिकेचा बराच वेळ गेला. एका व्यक्तीचे नाव लिहून, पहिल्या पुस्तिकेबरोबरच परिभाषेची यादी मंजूर करून घेणे, हा त्यावरचा सोपा उपाय होता.

सर्वांत मोठी उणीव हक्कांच्या कलमात होती. सगळे हक्क सरसकट दिल्यामुळे पुढे संस्थेने दोन पुस्तिकांचे ध्वनिमुद्रण करून ते गावोगावच्या बैठकांत ऐकवले, तेव्हा अनुवादिकेला त्याचा मोबदला मागण्याची सोय उरली नाही. वाचण्यासाठी लिहिलेली वाक्ये ऐकताना लांब वाटतात. ती पुन्हा बांधणे हे वेगळे काम आहे, आणि ते त्यांनाच देता आले असते. संस्थेची नाराजी ओढवेल म्हणून मसुदा करताना आम्ही हा मुद्दा ताणला नाही. संस्थेची खरी निकड छापील आणि डिजिटल आवृत्तीच्या हक्कांची होती, तेव्हा थोडे धैर्य दाखवले असते तर ती अट मान्य झाली असती असे मला आज वाटते.

त्याच संस्थेकडून आलेल्या पुढच्या कामाच्या मसुद्यात अनुवादिकेने हे कलम असे लिहिले आहे: 'या कराराने फक्त छापील आणि डिजिटल मजकुराच्या स्वरूपातील हक्क हस्तांतरित होतात. ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा नाट्यरूपांतर करायचे असल्यास त्याआधी वेगळा लेखी करार केला जाईल, आणि त्यासाठी लागणारे मजकुराचे संस्करण करण्याची पहिली विचारणा अनुवादिकेकडे होईल.' संचालकांनी त्यावर 'ध्वनिमुद्रणाचा दर आत्ताच ठरवून घ्यावा' असा एकच शेरा मारला असून त्या दरावर सध्या बोलणी सुरू आहेत.